टिटवीवरचा उजेड

"ही खिडकी दोन मिलीमीटर मागे घ्या," शिवलकरमामा म्हणाले.

"मामा, चारच दिवसांपूर्वी पुढे घेतली."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

माझ्या हातात पॉलिशपेपर होता, तो उगाच घासत राहिलो. मामांनी टेबलावरच्या बोटीला जवळजवळ नाक लावलं, एक डोळा मिटला, आणि ज्याचं नाव ते सतरा वर्षं तोंडातून काढत नव्हते त्याचं नाव न काढता म्हणाले, "बुधवारी घरात सुरमई आलेली ना? वास येतोय अजून."

आतून हिरा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "आणि आज तुमच्या नारळाच्या वड्या आल्या आहेत, मामा. खिडकी आता मागे जाईल. काळजी करू नका."

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. मी तेव्हा रत्नागिरीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होतो. दिवसभर लोकांचे बंद पडलेले फोन बंदच का आहेत हे त्यांना समजावून सांगायचं, आणि घरी आल्यावर लढाईतल्या गस्ती बोटी करायच्या, असा माझा दिनक्रम होता. खऱ्या नव्हे; पन्नासात एक मापाच्या. मला समुद्राची अतोनात आवड आहे, पण लांबून. होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं वर येतं. म्हणून मी असा समुद्र निवडला होता ज्याच्यावर हिराने मेणकापड अंथरलं होतं.

बोटीचं अंग शिवणीच्या लाकडाचं. गोल खिडक्यांना बुटाच्या लेसच्या भोकांतल्या पितळी रिंगा. तोफेची नळी विणकामाच्या सुईची. त्यामुळे आमच्या घरात चार वर्षं कुठलाही स्वेटर पुरा झाला नव्हता. आणि आतमध्ये दिवे. खरे, पेटणारे. गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब मुंबईहून मागवायचे, टेलिफोनच्या केबलमधली केसासारखी तार त्यांना जोडायची, आणि प्रत्येक दिव्याला खालच्या पाटावर वेगळं बटन द्यायचं. अशा चार बोटी मी केल्या होत्या. त्या गणेशोत्सवात मांडल्या, तेव्हा लोकांनी गणपतीकडे पाठ करून बघितल्या. शिवलकरमामाही त्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी आले, चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "माझी बोट करून द्याल?"

त्यांची बोट म्हणजे 'टिटवी'. एकाहत्तरच्या लढाईत मामा तिच्यावर कुक होते. एवढीशी तेहेतीस मीटरची गस्ती बोट. मोठ्या जहाजांना वाघसिंहांची नावं वाटून झाल्यावर जे उरलं ते हिच्या वाट्याला आलं असावं. रोज संध्याकाळी बंदराबाहेर जायचं आणि पहाटे परत यायचं, हे तिचं काम. अर्थात पूर्ण काळोखात. काडी पेटवायचीसुद्धा बंदी. सगळ्या खिडक्यांना आतून लोखंडी झाकणं लावायची, आणि ती लावलीत की नाही हे बघायला एकाने टोकापासून टोकापर्यंत फिरायचं. या फिरण्याला ते 'काळोखाची फेरी' म्हणत.

एका रात्री मागून येणाऱ्या दुसऱ्या बोटीने निरोप दिला, 'टिटवी, तुमच्या मागच्या डाव्या अंगाला उजेड दिसतो.' फेरी होती रघुनाथ मयेकरांची. मयेकर इंजिनात कामाला. मामांच्याच वाडीतले, एकाच वर्षी भरती झालेले. ते धावत सुटले, तर सगळं काळोखात. सकाळी साहेबांनी विचारलं, उजेड कुठला? मयेकर म्हणाले, गॅलीचा. गॅली म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर. झालं. मामांना बोटीवरून उतरवलं आणि उरलेली लढाई त्यांनी किनाऱ्यावरच्या कोठारात कांदे निवडत काढली.

पण त्यांचं खरं दुखणं कांद्याचं नव्हतं. वाडीत बाळकृष्ण शिवलकर नावाचे चार इसम होते. ओळखायला सोपं जावं म्हणून वाडीने यांना 'बत्ती शिवलकर' करून टाकलं. पोस्टमन बत्ती म्हणायचा, न्हावी बत्ती म्हणायचा. लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. बाळकृष्ण शिवलकर (बत्ती) सहकुटुंब' असं छापील प्रेमाने लिहून यायचं. मामा अशी पत्रिका उंबऱ्यावरूनच परत करायचे. सतरा वर्षं त्यांनी वाडीतलं एकही लग्न जेवलेलं नव्हतं. कुकने दुसऱ्याच्या हातचं न जेवणं समजू शकतं, पण मामी बिचारीला लग्नांची भारी हौस.

"मी मेलो की नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहितील," मामा मला म्हणाले होते, "बत्ती शिवलकर यांचे दुःखद निधन. लोकांना वाटेल लाइट गेली. मी झाकण लावलं होतं, पावसकर. या हाताने लावलं होतं. आणि झाकण नसतं तरी मागून माझी खिडकी दिसतच नाय. मध्ये टांगलेली होडी येते. तुम्ही बोट करा, बत्त्या लावा आणि रघ्याला बसवा बघायला."

म्हणजे मला खेळणं नव्हे, साक्षीदार बनवायचा होता.

आता लढाईच्या बोटीचे नकाशे काही कोणी पोस्टाने पाठवत नाही. मामांच्या आठवणीवर काम सुरू झालं. त्यांना सगळी बोट चुलीपासूनच्या पावलांत माहीत होती. "चुलीपासून कठडा चार पावलं. टोपात कालथा असेल तर तीन." इंजिनाकडचा भाग मात्र त्यांना अजिबात ठाऊक नव्हता. तो ठाऊक असणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच. बाकीचे खलाशी कोणी केरळात, कोणी पंजाबात.

मी मयेकरतात्यांकडे गेलो. उंच, सडसडीत, बोलताना समोरच्याच्या खिशाकडे बघणारा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गॅलीची खिडकी कुठे ठेवलीत?"

मी सांगितलं.

"चूक. पुढे हवी. बुधवारी येतो."

तेव्हापासून रविवार मामांचा आणि बुधवार तात्यांचा असा पायंडा पडला. मामा यायचे, वड्या ठेवायचे आणि खिडकी मागे घ्यायला लावायचे. म्हणजे ती होडीआड जाते. तात्या यायचे, मासळी ठेवायचे आणि खिडकी पुढे घ्यायला लावायचे. म्हणजे ती उघडी पडते. दोन मिलीमीटरचा प्रश्न होता, पण दोन मिलीमीटर म्हणजे खऱ्या बोटीवरचे दहा सेंटीमीटर, आणि तेवढ्यात एका माणसाचं नाव अडकलं होतं. त्या भोकाला मी इतक्या वेळा पुट्टी भरली की बोट त्या बाजूला किंचित कलू लागली.

हिराला या वादात रस नव्हता. तिने एका बुधवारी चहा देताना तात्यांना एकच प्रश्न विचारला, "एवढी माणसं समुद्रावर जायची, मग देव कुठे होता?"

तात्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. "इंजिनात. भैरीचा फोटो होता वहिनी, वाडीतूनच नेलेला. हवेसाठी वर कर्ण्यासारखा पाइप असतो ना, त्याच्या बरोब्बर खाली लावलेला. इंजिनात उकाडा केवढा! देवाला वारा नको लागायला?"

"आणि दिवा?"

"लाल बल्ब. बारकासा."

मी ते वहीत लिहून घेतलं. काम चोख असावं असा माझा आग्रह असतो.

शेवटी नोव्हेंबरात बोट तयार झाली. खिडकीचं काय केलंत, विचाराल. मी सरकारी नोकर. दोन्ही अर्ज वाचून मी ती बरोबर मधोमध बसवली.

चाचणी रविवारी सकाळी अकराला ठरली. काळोख हवा म्हणून सगळ्या खिडक्यांवर गोधड्या, घोंगड्या, सतरंज्या, हिराच्या लग्नातला शालू सोडून घरातलं होतं नव्हतं ते सगळं कापड टांगलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "गोवर आलाय का घरात?" हिराने सांगितलं, "नाही, नौदल आलंय."

मामा इस्त्रीच्या शर्टात आले. तात्या दहा मिनिटांनी आले. दोघांनी मला नमस्कार केला, हिराला केला, भिंतीवरच्या कॅलेंडरलाही जवळजवळ केला; एकमेकांना केला नाही.

मागची बोट दोनशे मीटरवर होती, याबद्दल दोघांचं आश्चर्यकारकरीत्या एकमत होतं. म्हणजे आमच्या मापात चार मीटर. आमची खोलीच तेवढी नव्हती, त्यामुळे शत्रूवर नजर ठेवणारी ती दुसरी बोट आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आली. तिथे पाट ठेवला. बघणाऱ्याचा डोळा टेबलापासून वीतभरापेक्षा वर जाता कामा नये. एकच पाट, आणि त्यावर साठीला आलेले दोन खलाशी, खांद्याला खांदा लागू नये म्हणून दोन दिशांना झुकलेले. हिरा त्यांच्यामागे पोळपाट हातात घेऊन उभी होती. भांडण झालं तर लागेल म्हणाली.

मी आधी सगळे दिवे लावले.

खरं सांगतो, कितीही बोटी केल्या तरी त्या क्षणी माझं बटनावरचं बोट उचलायचं राहून जातं. डोलकाठीवर पांढरा, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि कडेच्या गोल खिडक्यांतून पिवळा, घरासारखा उजेड. दारातल्या पाटावरून तात्या हळूच म्हणाले, "बंदरात असताना अशी दिसायची." मामांनी नाक ओढलं.

"करा सुरू," तात्या म्हणाले. आणि कोणी सांगितलं नसताना त्यांचा आवाज बदलला. सतरा वर्षांपूर्वीची फेरी त्यांना तोंडपाठ होती. "डोलकाठी, बंद."

मी बटन दाबलं.

"पुढची केबिन, बंद. साहेबांची केबिन, बंद. वायरलेस, बंद. डावा, उजवा, बंद. जिना, बंद. इंजिन, बंद."

एकेक खिडकी विझत गेली. उरली फक्त गॅली. काळोखात एकटी, पिवळी, आणि होडीआडून बरोबर अर्धी दिसणारी.

"दिसतेय!" तात्या ओरडले. "पावसकर, त्याला सांगा, दिसतेय!"

"पावसकर, त्याला सांगा, अर्धी!" मामा ओरडले. "आणि झाकण लावलेलं होतं!"

"त्याला सांगा, अर्धी खिडकी म्हणजे काय अर्धा उजेड?"

"त्याला सांगा, तुझ्यासारखी अर्धी अक्कल असते तसा!"

मी कोणालाच काही सांगितलं नाही. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. हिराने पोळपाट या हातातून त्या हातात घेतला.

"फेरी पुरी करा, तात्या," मी म्हटलं. "गॅली राहिली."

सतरा वर्षं तात्या सगळ्यांना सांगत आले होते की गॅली उघडी होती. आता 'बंद' कसं म्हणणार?

"गॅली," ते म्हणाले आणि थांबले.

"बंद," शेजारून मामा म्हणाले.

मी चिमट्याने खिडकीवर पितळी झाकण बसवलं आणि बटनही दाबलं.

काळोख झाला. आणि त्या काळोखात बोटीच्या मागच्या डाव्या अंगाला एक लाल ठिपका जळत होता. बारीक, स्थिर, डाळिंबाच्या दाण्यासारखा.

इतका वेळ गॅलीच्या पिवळ्या उजेडात तो हरवला होता. इंजिनाच्या हवेच्या कर्ण्यातून तो येत होता. बघणाऱ्याला अगदी समोर.

"पावसकर," मामा म्हणाले, "एक राहिला तुमचा. विझवा."

"विझत नाही मामा. त्याला बटनच नाही. बाकी प्रत्येक दिव्याचं बटन तात्यांनी लिहून दिलं होतं, याचं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, 'त्याला बटन कशाला?' म्हणून सरळ सेलला जोडला."

"रघ्या," मामा म्हणाले. मधला माणूस वगळून ते पहिल्यांदाच बोलत होते. "हा दिवा त्या रात्री चालू होता?"

"तो दिवा नाय," तात्या म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "तो देव आहे."

"फेरीत धरायचास की नाय?"

"देवाला कोण फेरीत धरतं, बाळ्या? दिवे मोजायला सांगितले, दिवे मोजले. एकूण एक मी स्वतः विझवलेला. माझ्या हातात काही चूकच राहिली नव्हती. मग उरलास तूच."

"आणि नंतरच्या रात्री?"

"नंतर आम्ही एकटेच फिरायचो. मागून बघणार कोण, मासे?"

पोळपाट हिराने खाली ठेवल्याचा आवाज आला.

तात्या पाटावरून उठायला लागले. गुडघा धरून अर्धे उठले आणि तसेच राहिले. "मी उद्या नाक्यावर उभा राहून सांगतो. वाटलं तर फळ्यावर लिहितो. बत्ती इंजिनाची होती, रघुनाथ मयेकराची होती. तुझी नव्हती."

मला वाटलं, संपलं. मामा जिंकले. बोट एकदाची कोणाच्या कामाला आली. मी गोधडी काढायला खिडकीकडे वळलो.

"बस रे," मामा म्हणाले. "बल्ब कोणी लावला होता?"

"इलेक्ट्रिकवाल्या मेननने लावला असेल. मी फोटो टांगला, दुसऱ्या दिवशी बघतो तर बल्ब होता. मला वाटलं..."

"मेननला काय पडलंय तुझ्या भैरीचं? मी लावला."

मी गोधडी धरून तसाच उभा राहिलो.

"गॅलीच्या कपाटातला होता," मामा म्हणाले. "कोणाला न विचारता काढला. वायर थेट ओढली. बटन जोडायला मला येत नव्हतं."

"पण तू कशाला..."

"पहिल्या गस्तीच्या दिवशी तू जेवला नव्हतास. ताट तसंच परत आलेलं. सगळ्यांची ताटं मीच घ्यायचो, मला कळणार नाय? दुसऱ्या दिवशी पण अर्धी भाकरी. म्हटलं, खाली इंजिनात एकटा असतो, काळोखात. बारकासा उजेड असला तर खाईल."

तात्या खाली बसले. या वेळी त्यांचा खांदा मामांच्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला.

"मग जेवलो का?"

"तिसऱ्या दिवशी पाच भाकऱ्या," मामा म्हणाले. "चौथ्या दिवशी मला उतरवलं."

तो लाल ठिपका दोघंही बघत होते. मामांना तोंड मिटून बसता आलं असतं. बल्बचं फक्त त्यांनाच माहीत होतं. मेनन काही केरळातून साक्ष द्यायला येणार नव्हता. ज्यासाठी माझ्याकडून दोन महिने बोट करून घेतली ते त्यांच्या हातात आलं होतं, आणि पाचच मिनिटांत त्यांनी ते परत केलं. मला त्या वेळी हे सगळं नीटसं कळलं नाही. मी आपला विचार करत होतो की सेल किती वेळ टिकतील.

"एवढी वर्षं तुझ्या लक्षात कसं आलं नाय?" तात्या म्हणाले.

"माझ्या तरी कसं येणार? मी पण त्याला दिवा धरलाच नाय, देव धरला."

मग आतून हिराने विचारलं, जेवायला थांबणार का. तिचा बेत पोह्यांचा होता. मामा उठले, घोंगडी बाजूला सारली, स्वयंपाकघरात गेले आणि तिला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाजूला व्हा. रघ्याला पोहे पुरत नाहीत."

सोमवारी तात्या खरंच नाक्यावर गेले आणि सांगितलं की बत्ती माझी होती. तासाभराने मामा गेले आणि सांगितलं की नाही, माझीच होती. वाडीने दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि कोणावरच विश्वास ठेवला नाही. न्हाव्याने मला विचारलं, "या वयात असं होतं का हो?" फळ्यावर कोणी काही लिहिलं नाही. पत्रिका पूर्वीसारख्याच कंसासकट येत राहिल्या. फक्त मामांनी त्या परत करायचं सोडलं. त्या मेमध्ये मामीने सात लग्नं जेवली.

मी रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. ते दोघंही आज नाहीत. पण त्यांचा विषय निघाला की मला डिसेंबरातली एक सकाळ आठवते. मी मासळीबाजारात उभा होतो. मामा आणि तात्या माझ्या पुढे पंधरा पावलांवर चालले होते, हातांत एकच पिशवी, एकेक बंद दोघांनी धरलेला. मागून एक कोळीण ओरडली, "ओ बत्ती! सुट्टे राहिले!"

मी धसकून मामांकडे बघितलं. या हाकेला त्यांनी कधी मान वळवलेली मला ठाऊक नव्हती.

दोघंही एकदम वळले आणि दोघांनीही "ओ" दिली.